घरातली शांतता

डायलिसिसच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोन पेशंट बसले होते. एक वयस्कर शिंपी आणि दुसरा पहिल्यांदाच आलेला तरुण बसड्रायव्हर.

"भीती वाटतेय, काका."

"सुईची? तिची होते सवय. घरच्यांची होत नाही."

"घरचे तर फार जपतात हो."

"तेच म्हणतोय! परवा स्वयंपाकघरात सगळे खो-खो हसत होते. मी घोटभर पाणी प्यायला आत गेलो, तर सगळ्यांचे चेहरे पडले. माणूस जिवंत आणि घरात दुखवटा!"

"माझा मेव्हणा रोज फोन करतो. म्हणतो, 'आनंदी राहा.' ते ऐकलं की जगणंच नकोसं होतं."

"खरंच होतं का रे तसं?"

"…कधीकधी."

"मलाही व्हायचं."

"आणि आता?"

"मागच्या आठवड्यात मी ओला टॉवेल पलंगावर टाकला. बायकोच्या तोंडाचा पट्टा असा सुरू झाला! मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच भांडली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? आजही टाकून आलोय."