चक्कीवरचं वायफाय

नाही जी, नयन नाही घरी, बाहेर गेला म्हनलं ना — पन तुमी आता काय म्हनले ते परत म्हना बरं एकडाव. ‘नयनभाऊ आरोग्याचं लय पाहतात’ — असंच म्हनले न? म्हनून त्याच्यासाठी येगळा प्लॅन आनला म्हनता, दवाखान्याच्या सवलतीवाला? बसा. उभ्यानं नोका बोलू, त्या पोत्यावर बसा, गहू हाय, काही होत नाही त्याले. आता मले सांगा साहेब, माहा पोरगा काय पाहते हे तुमच्या इंटरनेट कंपनीले कसं समजलं? त्या पाटीत दिसते? हे काचेची पाटी तुमाले देल्ली, याच्यात दिसते, कोन्या घरी कोन काय पाहून राह्यलं ते? बरं. मंग एक काम करा, तुमचा प्लॅन-गिलान राहू द्या बाजूले, मले ते दाखवा. माह्या पोरानं काय काय पाह्यलं ते. — हो, लाईन तर गेली, दिसूनच राह्यलं, चक्की बंद हाय म्हनून तर तुमच्याशी बोलून राह्यलो, नाहीतर मले कुठं टाइम? वायफायबिगर उघडत नाही का ते? नाहीच उघडनार, इथं टिनाखाली कोन्याच फोनले रेंज येत नाही. येईन लाईन. मारेगावची लाईन हाय, रुसते अन् येते. तवरक पानी प्या.

हे वायफाय नयननंच लावलं. मी म्हनलो, कायले पायजे बे चक्कीवर वायफाय, पीठ का फोनवर दळाचं हाय? तं म्हने, बाबा, लाईन गेली का लोकं दळन सोडून तुमालेच शिव्या देते, हातात फोन चालू असला तं गुमान बसतीन. अन् खरंच, बसाले लागले. त्यानं खडूनं भिंतीवर पासवर्ड लिहून देल्ला — ते पाहा, पीठ बसलं त्याच्यावर पन वाचता येते — मी पुसू देत नाही कोनाले. घरात बी तेच वायफाय, चक्कीवर बी तेच. मले काय ठाऊक, का वायफायच्या या डब्बीतून आतलं बाहेर जाते म्हनून! आता चक्कीवाल्याले काय माहीत नसते सांगा? कोनाची हळद दळाले आली का समजा, त्याच्या घरी लग्न जमलं. कोनाचं दळन एकाएकी अर्ध्यावर आलं का पोरगा येगळा निघाला, सुनेसंग पटलं नाही. सुखीबाई होती एक, डब्यात खाली सारी ज्वारी अन् वरून बोटभर गहू टाकून आने, रस्त्यानं पाहनाऱ्याले वाटावं बाई गहू खाते. मी तसंच ओतत होतो, तोंडातून शब्द नाही. आता तुमच्यापाशी नाव घेतलं, तेबी नव्हतं घ्याचं — गेली बिचारी देवाघरी, म्हनून निघालं तोंडातून. माह्या बापानं चक्की हातात देल्ली तवा एकच सांगतलं होतं, सद्या, डबा ज्याचा त्याचा, झाकन लावून द्याचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तं झालं काय — उन्हाळ्यात माह्या फोनवर जाहिराती सुरू झाल्या. मी काय पाहतो? कुस्त्या पाहतो, शंकरपट पाहतो. बैल धावून राह्यले, धुरळा उडून राह्यला, अन् मधातच एक बाई येते पांढरा कोट घालून, म्हने, तुमचं तोंड पूर्ण उघडते का? मी म्हनलो, माय, माहं तोंड बंद कधी असते ते पूस! सरकवलं बोटानं. मंग कोन्या दवाखान्याची आली, मंग चूर्नाची, मंग गालातले पांढरे चट्टे दाखवनारी, जेवताना पाहाले नोको वाटे. मले वाटलं सरकारी असन, खर्र्याच्या विरोधातलं. खर्रा समजते न तुमाले? इकडचे नाही वाटत तुमी. सुपारी, तंबाखू, चुना — पन्नीत घोटून देते. इकडे मान्साले चहा नाही भेटला तं चालते, खर्रा पायजे. नयन कापसाच्या जिनिंगात फिटर, तिथं तं पुसूच नोका, गालात पुडी असल्याबिगर पाना फिरत नाही. मी त्याले चिडवो — पाह्य बे, तुह्या खर्र्याची बातमी दिल्लीले गेली, बापाच्या फोनवर जाहिरात येऊन राह्यली! तो हासला. पन हासला म्हनजे एका बाजूनं, ओठ मिटून. जेवाले बसला का म्हने ठेचा नोको, तिखट नोको, भाकर कढीत कुस्करून दे. भागीरथा, माही घरवाली, तिले वाटलं पोरीचा मामला हाय, कोन्या शहरातल्या पोरीनं तिखट सोडाले लावलं असन. आमी दोघं बी लय हासलो त्याच्यावर.

अन् उकंड्याची गंमत तं राह्यलीच. उकंडा म्हनजे आमचं रोजचं गिऱ्हाईक, दळन पायलीभर अन् बसनं दिवसभर, वायफाय फुकट हाय न बाप्पा! त्याच्या बी फोनवर तेच सुरू झालं, तोंड उघडते का, तोंड उघडते का. तो घाबरला. त्याले वाटलं फोननं गुपचूप त्याच्या तोंडात पाह्यलं. फोन उलटा करून ठेवे, फडकं टाके त्याच्यावर, मी पोट धरून हासलो का नाही! तसाच घाबरत घाबरत वनीले गेला डॉक्टरपाशी. डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारली, तं खरंच चट्टा. म्हने, येळेवर आलास, अजून काही बिघडलं नाही. खर्रा सोडला उकंड्यानं, आता तिथंच बसून चने खाते. आता ध्यानात आलं तुमाले? या डब्बीवर जे जे बसले त्या साऱ्याइच्या फोनवर ते आलं, काहून का कोनीतरी या डब्बीवरून ते शोधून राह्यला होता. जाहिरात माह्या पोराच्या तोंडाची, अन् वाचला उकंडा. वाचला ते चांगलंच झालं जी, लेकराबाळाचा मानूस हाय, मी कायले त्याचं वाईट चितू? पन तो मोठ्यानं हासला का मले काहीतरी निमित्त करून आत जा लागते.

काय म्हनता? फोन लावून पाहता नयनले? लावा न. नाही लागनार. फोन इथंच हाय, या गल्ल्यात — हा पाहा — रोज चार्जिंग करून ठेवतो. असे नोका पाहू माह्याकडे. बाहेर गेला असंच म्हनतो मी नवीन मान्साले, तोंडाले सवय झाली. हळू बोला, भागीरथा आत हाय. पोळ्याच्या आंगोदर गेला नयन. नागपूरले नेलं होतं, नेलं नाही असं नाही, पन तवा तोंडात चमचा जात नव्हता त्याच्या. डॉक्टरनं मलेच धरलं, म्हने इतके दिवस काय करत होते तुमी घरचे लोकं? काय सांगू त्याले? बोटानं सरकवत होतो म्हनू? बैलाच्या शर्यती पाहाले उशीर होत होता म्हनू?

अन् तो गेल्यावर त्याच्या नावानं फोन सुरू झाले. रेंज नाही तरी या वायफायवरून लागतेच ते, त्यानंच तसं करून ठेवलं. ‘नयनजी बोल रहे हैं? मुँह की तकलीफ अब कैसी है?’ मयताची राख अजून थंडी नाही झाली अन् हे इचारून राह्यले, कशी हाय तकलीफ! मी फोन फेकूनच देत होतो, भागीरथानं हातातून घेतला. अन् म्हने काय, थो जेवून राह्यला, मंग करा. मले वाटलं बाईचं डोकं फिरलं. ओरडलो तिच्यावर. तं मले म्हने, अख्ख्या गावानं त्याचं नाव घेनं सोडलं, आपन दुरून दिसलो का लोकं बोलनं बदलवते, हे परके तरी त्याचं नाव घेते. मी फोन तिच्याच हातात राहू देल्ला. आता रोज तीच उचलते. कधी म्हने आंघोळीले गेला, कधी म्हने जिनिंगात रात्रपाळी हाय. मी चक्कीवर बसून आयकतो. कधी कधी मले बी वाटते, असन रात्रपाळी.

एकडाव मात्र मीच धरलं एका चूर्नवाल्याले. म्हनलो, बाप हो, माह्या पोराचं दुखनं त्यानं मले नाही सांगतलं, सख्ख्या मायले नाही सांगतलं, तुले कोनं सांगतलं? तं सरळ म्हने, काका, तुमचं नेट ज्या कंपनीचं हाय तिथून इकत घेतो आमी नावं, कोन काय शोधते त्याच्यासगट. भाजी इकत घेतल्यासारखं सांगून मोकळा झाला! मंग मी यवतमाळले गेलो तुमच्या हापिसात. काचेमागे एक पोरगी बसली होती. म्हनलो, बाई, माह्या पोरानं काय काय पाह्यलं तेवढं मले सांग, फुकट नोको सांगू, चूर्नवाल्यापेक्षा चार रुपये जास्त घे. तं म्हने, सॉरी काका, ते ग्राहकाचं खासगी असते, आमी कोनाले देत नाही. कोनाले देत नाही! चूर्नवाल्याले चालते, दवाखान्याले चालते, उकंड्याच्या फोनले बी चालते, अन् बाप तेवढा परका! मी तिथंच खुर्चीवर बसून हासलो साहेब, शिपायानं मले धरून बाहेर आनलं.

म्हनून म्हनतो, मले दाखवा. दवा-दारूचं नोको, ते आता कायले पायजे. थो पांघरून घेऊन त्या फोनले काय पुसत होता ते पायजे. काहून नाही सांगतलं त्यानं मले? दहावीत असताना त्याच्या खिशात पहिल्यांदा खर्रा सापडला, तवा मी लय मारलं होतं त्याले, या पट्ट्यानं मारलं — हा चक्कीचा जुना पट्टा. अन् स्वतः गालात पुडी ठेवून मारलं. त्या भेवानं गप राह्यला का थो? का बापाले दुखू नये म्हनून गप राह्यला? ‘घरी कसं सांगाचं’ असं कधी पुसलं असन का त्यानं त्या फोनले? तुमच्या पाटीत असनच ते. एवढं समजलं का मले झोप लागन, दुसरं काही नाही.

आली! आली पाहा लाईन! थांबा, चक्की नाही सुरू करत, आंगोदर तुमचं पाहू. डब्बीचा दिवा लाल हाय, हिरवा व्हा लागते. झाला. लागलं का? हो, नयन सदाशिव, हेच, याच्यावर बोट ठेवा. माहा चष्मा कुठं गेला... हे घ्या, सापडला. सरका इकडे. तुमी नोका वाचू, मीच वाचतो — काय? तुमी वाचलं हाय? कवा? आज सकाळी, इकडे येताना? मंग मघापासून मी बोलून राह्यलो अन् तुमाले सारं ठाऊक होतं, त्यानं काय पुसलं ते? शेवटचं बी? नोका सांगू! थांबा, नोका सांगू साहेब, हात जोडतो. अन् ते पाटी उलटी करा. माह्याकडे काच नोको, उलटी ठेवा मांडीवर.

मले एक मिनिट द्या. पीठ गेलं डोळ्यात.

थो वरून गहू टाकून बसला होता साहेब. सुखीबाईसारखा. खाली काय हाय ते बापाले दिसू नये म्हनून बोटभर गहू टाकून रोज माह्यासमोर जेवाले बसला, कढीत भाकर कुस्करून. गावच्या बाईचा डबा मी कधी ढवळला नाही, अन् पोटच्या पोराचा ढवळू? तुमी इकला, चूर्नवाल्यानं घेतला, तुमी सकाळी बसमधी बसून वाचला. म्हनून मी बी वाचू? राहू द्या. जे पुसलं असन ते पुसलं असन. नाही येत झोप तं नाही येत.

बंद करून टाका हे कनेक्शन. प्लॅन नोको, काही नोको. हो, घरात त्याच्या नावाचा फोन येनार नाही मंग, मले समजते ते. तिले मी पाहून घेतो. सही माही घ्या, अंगठा घ्या, काय घ्याचं ते घ्या. कारन? कारन लिहा लागते का? लिहा न, ग्राहक बाहेर... नाही. लिहा, वारला. हो, वारला. मोठ्यानं म्हनलो? मोठ्यानंच म्हनलो. दारात उभी हाय ती, आयकलं तिनं. रडू द्या, तुमी नोका तिकडे पाहू. ते डब्बी काढा अन् घेऊन जा. भिंतीवरचं राहू द्या, ते त्याच्या हातचं हाय. उठा आता पोत्यावरून, लीलाबाईचं दळन मघापासून खोळंबलं हाय. सरका मांगं, पट्टा लावून राह्यलो. काय म्हनता? आता काही आयकू नाही येत जी. चक्की सुरू झाली. जा.