एकेचाळिसावा स्वागतोत्सुक

...आणि वर मलाच विचारत्यात, तुझं कशावरून? आता तुम्हीच सांगा, आपलं लेकरू बाजारात दुसऱ्याच्या कडेवर दिसलं तर माणूस काय करंल? मी काय फार मागत होतो का? नाव टाका म्हणलं, बास.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नायतर तुम्हाला वाटंल ह्याला भांडायची सवयच हाय. त्या साली दुष्काळ असा, की शहरात आमच्या गल्लीला नळ अकराव्या दिवशी यायचा, आणि यायचा म्हंजे काय, नुसता खोकून जायचा. शहर मात्र वाढायलंय, वाढायलंय... मी चितेगावच्या कंपनीत कामाला, घरी यायलो की रोज रस्त्याला नवी प्लॉटिंग, नवी कमान, कमानीवर नाव 'जलविहार' आणि आत नुसती दगडं, तीबी टँकरची वाट बघत बसल्यासारखी. तर एका नळाच्या दिवशी, नळ न आल्यामुळं, मी फेसबुकवर लग्नाचं आमंत्रण लिव्हलं. लग्न कुणाचंच नव्हतं. 'आमचे येथे श्री टँकरकृपेकरून विवाह योजिला असून आहेर आणू नये, दर माणशी एक हंडा पाणी आणावे. हंडेवाल्यांना पहिली पंगत, कळशीवाल्यांना दुसरी, हात हलवत येणाऱ्यांनी लांबूनच अक्षता टाकून निघून जावे. नवरदेव बॅरलवर बसून येईल, कारण घोडा पाणी पितो.' बेचाळीस लाईक आले. त्यातलं एक माझं, पण ते सोडा.

आमचे आबा, म्हंजे माझे वडील, गावाकडं पिशोरला ऱ्हातात, सगळा जन्म मेंढरं वळण्यात गेला. त्यांना मी काय बी फोनवर वाचून दाखवलं की त्यांचा एकच सवाल, "छापून आलं का?" नाय आलं म्हणलं की, "मंग ते लिव्हणं नव्हं, गप्पा हायेत." आणि फोन ठिवायचे.

मार्चात गावाकडं गेलो तर चुलतबहिणीची, अक्षदाची पत्रिका छापून आलेली. उघडली. मागच्या पानावर फुलांच्या चौकटीत माझं आख्खं आमंत्रण. हंडा, कळशी, बॅरल, घोडा, समदं जागच्या जागी. खाली काय? 'संकलन : हैदर प्रेस, पिशोर'. संकलन! म्हंजे मी काय माळावर गोवऱ्यांसारखा वेचायला पडलो होतो?

गेलो ना तडक. हैदरभाई म्हंजे पंचक्रोशीतल्या पत्रिका वीस वर्षं त्यांच्याच हातच्या, माणूस गोड, चष्मा कपाळावर. म्हणले, "बेटा, व्हाट्सपवर आलतं. व्हाट्सपवरचं कुणाचं असतं का? बारिश किसकी होती?" म्हणलं, हैदरभाई, बारिश होतच नाय, म्हणून तर लिव्हलं. ते हसले, चहा सांगितला आणि गठ्ठा काढला. तेरा लग्नं! लोक मागून घेत्यात म्हणले, दोन मामे कमी करा पण हंडेवाला टाका. आता मला राग यायला पाहिजे की नाय? आलाच. पण तेरा लग्नं म्हंजे किती घरं हो... घराघरात मी छापील, आणि आबांच्या लेखी मी गप्पा हाणणारा. म्हणलं, हैदरभाई, माफी नको, मिठाई नको. नाव टाका, बास.

त्यांचा चेहरा असा उजळला! "तो पहले बोलना था. नाव टाकणं तर धंदाच हाय आपला." माझं नाव घेतलं, बापाचं घेतलं, गावाचं घेतलं.

पुढची पत्रिका कुण्या काकासाहेबांच्या पोरीची. माझा त्यांचा काडीचा संबंध नाय. मागचं पान बघितलं : संकलन, हैदर प्रेस. मंग पुढचं पान बघितलं. 'स्वागतोत्सुक' म्हणून त्रेसष्ट नावं, आणि एकेचाळिसाव्या नंबरला, दोन सरपंचांच्या मधी... रामहरी सांडू शिंगाडे, पिशोर.

आता हैदरभाईला तरी काय बोलायचं? लग्नाच्या पत्रिकेत नाव टाका म्हणल्यावर माणूस दुसरीकडं कुठं टाकंल?

तुम्ही म्हणाल, कुणी विचारलं नाय का, हा कोण? नाय! भावकीला वाटलं मामाकडचा, मामाकडच्यांना वाटलं भावकीतला, आणि इचारावं तर रुसंल. खरं रुसलं ते नवरीच्या आत्याचं मालक, कडुबा. त्यांचंच नाव ऱ्हायलं होतं. त्यांचा मला फोन, "तुम्ही कुणाकडले?" म्हणलं, छापखान्याकडला. ते म्हणले, "व्हय व्हय, तिकडलेच जोरात हायेत सध्या."

लग्नाला गेलो, नाव छापलंय म्हणल्यावर जावं लागतंय. डोक्याला फेटा बांधला आणि गेटवर उभं केलं. तुम्हाला सांगतो, लोकांनी खरंच हंडे आणले हो! ट्रॅक्टरमधून, मोटरसायकलवर... चतुराबाई म्हणून एक म्हातारी तर कळशी मांडीवर धरून एसटीनं आली. मला म्हणली, "कुणी लिव्हलं रं हे? लई शहाणा असंल मेला." म्हणलं, आजी, मीच. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू वत ते पाणी टाकीत."

हैदरभाईची पद्धत अशी, की जुनी फाईल उघडायची, नवरा-नवरी बदलायचे, जमतील तेवढी नावं बदलायची. मी जमलो नाय. त्या हंगामात मी सत्तावीस लग्नात स्वागताला उत्सुक होतो! प्रत्येक वेळी जाऊन सांगायचो, मागं, मागच्या पानावर, नाव टाका, बास. ते म्हणायचे, "पुढच्या पानावर असून मागं कशाला जातो बेटा?"

आणि त्यातून माझंच लग्न जमलं. शालूच्या वडलांनी सात पत्रिकांत माझं नाव वाचलं, म्हणले, एवढ्या घरात उठबस असलेला पोरगा सोडायचा नाय. आमची पत्रिका छापायला समदे हैदरभाईकडं बसलो. म्हणलं, आता तरी हंडेवाल्याच्या खाली 'लेखक' म्हणून माझं नाव येऊ द्या. सासऱ्यांनी हात वर केला. "नवरदेवच पाणी मागाया लागला, तर आमच्या पोरीला काय पाजणार?" हैदरभाईनं 'संकलन' लिव्हायला घेतलं, तेवढ्यात कोपऱ्यातून आबा बोलले. "आमंत्रण बाप देतो. बापाचं नाव टाका, बास."

छापलं! 'लेखक : सांडू मुंजाबा शिंगाडे'.

हळदीला लोक आबांचा हात हातात घेऊन, आबा, काय लिव्हलंय, घोड्याचं तर लईच भारी... आणि आबांनी एकदाबी, एकदाबी मी नाय म्हणलं नाय. नुसती मान खाली घालून हसायचे, मुरलेल्या लेखकासारखे.

काल त्यांचा फोन आला. म्हणले, "राम्या, चष्मा लावून वाचलं मी ते. चांगलं लिव्हलंय." मी कंपनीच्या गेटवरच थांबलो हो, गाडी निघून गेली तरी. एवढ्या वर्षात पहिल्यांदा...

मंग म्हणले, "आता पुढचं कवा देतो? लोक मला इचारायलेत."

काय करता... लिव्हायलोय.