चुलत्याच्या नावाचं माप

— न्हाई श्रीमंतराव, पुतनीच्या लग्नपत्रिकेवर तुमचं नाव थोरल्या भावापेक्षा मोठं छापता येत न्हाई. कॉम्प्युटरच घेत न्हाई. आता तुमी म्हनाल, छगन, तूच तर कॉम्प्युटरात ते लिनक्स टाकलं तवा शेवगावभर सांगत हुतास, अक्षराचं कसलंबी माप निघतं म्हनून. व्हय, सांगत हुतो. लई घाम गाळलाय त्याच्यापायी — फॉन्टची फाईल फोल्डरात टाकायची, मग त्या फोल्डराची यादी करायला लावायची, मग फॉन्ट वाटनारा सर्व्हर बंद करून परत चालू — तवा कुठं चौकोनांच्या जागी मराठी दिसली. पन अक्षर काय, बाबा! कितीबी मोठं ताना, कडा पायऱ्यांवानी तुटत न्हाईत. एक 'श' बारा कागदांवर काढून भिंतीला लावला, तर बायको म्हनली, अंगनवाडी काढताय का?

तिथंच घोळ झाला. खिळ्यांचा छापखाना हुता तवा बरं हुतं — खिळेच तीन मापांचे, भांडनार कुनाशी? आता पाथर्डीचं एक लग्न आलं, पाच चुलते. एकाचं वाढवलं की दुसरा म्हनतो, मला त्याच्यापेक्षा अर्धा पॉइंट जास्त. मग मामा आले, तेबी वाढले. कागद तर तेवढाच — कमी कुनाचं करायचं? नवरीचं केलं. सत्यशीला एवढी बारीक झाली की नवऱ्याकडचे पत्रिका घेऊन दारात आले, म्हनले, ह्या सगळ्या बाप्यांतनं आमी नांदवायला न्यायचं कुनाला? लोक हसले. मला न्हाई हसू आलं. लाज वाटली, खरं सांगतो.

म्हनून सकाळी तुमाला एष्टीतनं उतरताना बघितलं आन त्या ताननाऱ्या फॉन्टचा फोल्डरच काढून — म्हंजे, गेला. आपोआप. लिनक्सचं असंच असतंय. आता मागनं टाकलेला एकाच मापाचा फॉन्ट तेवढा उरलाय, चुलता असो का मामा, सगळे सारखे. पटत नसंल तर दुसरा छापखाना बघा — बसा, बसा, रागावता कशाला? फक्त नवरीचं नाव मोठं छापनार, तेवढ्यापुरता तो फॉन्ट परत टाकतो. हां, सांगा. बायडी न्हवं हो, ते घरातलं झालं. शाळेतलं, पत्रिकेवर घालायचं. सख्खी पुतनी ना तुमची? मघापासनं एवढी मानसं सांगितली, हुद्द्यासकट, सोसायटीच्या माजी चेअरमनसकट —

आठवा, आठवा. मी थांबतो.

जा श्रीमंतराव. घरी जाऊन तिलाच इचारून या.