शकुबाईंच्या आवाजाबद्दल चार शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भिवाजी कांबळे गुरुजी, पुण्याहून खास आलेले प्रमुख पाहुणे प्रेमसिंगजी राठोड, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते शिवशंकर कऱ्हाळे सर, आणि हिंगोलीच्या आपल्या तंत्रमेळाव्यातले माझे सर्व मित्रमैत्रिणी, सगळ्यांना नमस्कार.

आजचा समारंभ आखणाऱ्या स्वप्निलने फोन केला, म्हणाला, "आकांक्षा, तूच बोल. तुला सरांनी घडवलंय." मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की तोच गोंधळला.

सरांनी मेळावा सुरू केला. एआय म्हणजे फक्त शहरातल्या लोकांचा खेळ नाही, रोजच्या कामाला येणारी गोष्ट आहे, हे आपल्याला त्यांनीच सांगितलं. हे ऋण मी नाकारत नाही.

मागच्या वर्षी याच सभागृहात सरांनी शेतकऱ्यांशी बोलणारं साधन दाखवलं. हळदीबद्दल आपल्या बोलीत विचारा, ते बोलून उत्तर देतं. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. ते साधन मी बनवलं होतं. आपली बोली मशीनला कळेना, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी कुरुंदा गावाला जायचे, बायांच्या ओसरीवर बसून त्यांचं बोलणं फोनमध्ये भरून आणायचे. सर तिथं एकदाही आले नाहीत. व्यासपीठावर मात्र म्हणाले, "हे मी केलं."

तेवढंच असतं तर आज मी गोड बोलून खाली बसले असते.

त्या दिवशी शेवटच्या रांगेत कुरुंद्याच्या शकुबाई बसल्या होत्या, माझ्या आईची मैत्रीण. मीच बोलावलं होतं, "मावशी, तुमचा आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकायला या." नवं लुगडं नेसून आल्या. सरांनी त्यांचाच आवाज लावला. "बाबा, माह्या हळदीचा कंद सडून राहिला. काहून सडून राहिला, सांग ना." सरांनी नाक दाबून त्यांची नक्कल केली आणि म्हणाले, "म्हशीच्या रेकण्यातून मराठी काढलीय मी!"

आठवतंय ना? कोण कोण हसलं होतं? मी वळून पाहत होते. मला चेहरे पाठ आहेत.

मावशी न जेवता उठल्या. बसस्टँडवर मी त्यांना गाठलं. म्हणाल्या, "पोरी, माहं बोलणं इतकं वंगाळ हाय का गं?" त्या दिवसापासून लेकाशीसुद्धा त्या फोनवर बोलत नाहीत. फोन दुसऱ्याच्या हातात देतात.

सर, बसा. अजून माझं संपलं नाही. अध्यक्षांनी मला वेळ दिलाय.

तेच साधन दाखवून सरांना प्रेमसिंगजींच्या कंपनीत मोठी जागा मिळाली. आज सकाळी विश्रामगृहावर मी प्रेमसिंगजींना भेटले. एकटी नाही, शकुबाई आणि कुरुंद्याच्या सगळ्या बाया बरोबर होत्या. प्रेमसिंगजींनी मावशींना विचारलं, "आवाज वापरायची परवानगी तुम्ही कोणाला दिली होती?"

मावशी म्हणाल्या, "हिला देली व्हती. त्या साहेबाला मी वळखत बी न्हाई. आता कोनालाच न्हाई. माहा आवाज मला वापस पाहिजे."

प्रेमसिंगजींनी मावशींना हात जोडले. मग म्हणाले, "हे साधन पुण्याला येणार नाही. ज्यानं हे माझ्यापासून लपवलं, तोही नाही." त्यांनी मलाच ती जागा देऊ केली. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, न्हाई. त्यांच्या आवाजावर मिळणारी जागा मी नाकारली. दुपारी मी साधनातले सगळे आवाज माझ्या हातांनी पुसले. माझंही काम त्यात गेलं. वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

ही बातमी सरांना मीच देईन, याच व्यासपीठावरून, एवढी एक विनंती प्रेमसिंगजींना केली होती. त्यांनी ती मानली, त्यांची मी आभारी आहे.

तेव्हा सर, सामान बांधलं असेल तर सोडा. खोलीमालकाला सांगा, मुक्काम वाढलाय. उद्या बाजारात, परवा बँकेत, सगळीकडे आम्ही भेटूच. आमच्या बोलीतच बोलू.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि कुरुंद्याहून आलेल्या मावश्यांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, तर लहान समजून पोटात घाला. बाकी जे बोलले, ते वर्षभर घोकून बोलले. त्याची माफी मी मागत नाही.