टँकर निघाल्याचा मेसेज

मेसेज फॉरवर्ड करायचा म्हटलं की माझा अंगठा अजून थबकतो, त्याचं कारण सांगते.

दुष्काळाचं साल होतं. शेंद्र्याकडच्या आमच्या नव्या वस्तीत टँकर आठ दिवसांनी यायचा. ड्रायव्हर रहीमभाई आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकायचे, 'निघालो.' मागच्या गल्लीत माझी नणंद राहते. तिचे ड्रम कोरडे होते, म्हणून तो मेसेज मी तिला पाठवला. फक्त तिला. तिनं तो त्यांच्या ग्रुपवर टाकला.

टँकर वळणावर आला, तर मागची अख्खी गल्ली हंडे घेऊन आडवी. रहीमभाईंनी काच वर केली. मागच्यांनी पाईप ओढून हंडे भरायला घेतले, ढकलाढकली सुरू झाली. आमचे कुलकर्णीकाका काठी घेऊनच आले.

"बातमी फोडली कुणी? आपल्यातलाच आहे कुणीतरी. मोबाईल दाखवा सगळ्यांनी."

एकेकाचा मोबाईल बघत ते माझ्यापाशी आले.

"माझा घरी राहिला, काका," मी पदराआड मोबाईल दाबत म्हणाले.

काका पुढं सरकणार, तेवढ्यात टँकरजवळून नणंदेचा आवाज आला, "वहिनी, तुमच्या मेसेजमुळं लई काम झालं बघा. तुमच्यासाठीबी दोन हंडे भरून ठेवलेत."