ठिगळीचा श्वास

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि आज पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसवल्यामुळे अवघडलेले आमचे शिंपीकाका,

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मुलं पहिली शस्त्रक्रिया ठिगळीवर करतात. ठिगळी म्हणजे काकांनी शिवलेली कापडी कुत्री. वर फोमची कातडी, खाली पोटाचे पदर, भलतीकडे कापलं तर लाल पाणी. छातीत एक फुगा आहे, त्याची नळी टेबलाखाली जाते. तिथे पडद्याआड स्टुलावर बसून काका रबरी पंप दाबतात आणि ठिगळी श्वास घेते.

कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या तासाला आमच्या सिस्टर वाकडा टाका उसवायला लावत, त्यामुळे टाक्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. काकांनी पहिल्याच दिवशी माझी शिवण पाहून विचारलं, "मॅडम, हा उशीचा अभ्रा आहे की जनावर?"

एका वर्षी एक मुलगी होती. सुई धरली की हात थरथरायचा. दोनदा नापास झालेली, तिसरी संधी शेवटची. महिनाभर ती रोज दुपारी ठिगळीचं पोट फाडायची आणि संध्याकाळी काका नवं शिवायचे.

एकदा तिने विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?"

"अगं, दुकानात गिऱ्हाईक भांडायचं. ही बिचारी गप्प पडून असते."

परीक्षेत मी तिच्या बोटांकडे बघत होते. निम्मे टाके झाले आणि तिने सुई खाली ठेवली.

"मॅडम, श्वास थांबलाय."

"वेळ संपत आलीये. टाके पुरे कर."

तिने ऐकलं नाही. भूल बंद केली, मान सरळ केली, ठिगळीच्या तोंडातल्या नळीतून हवा द्यायला लागली. तेव्हा मला दिसलं, तिचा हात थरथरत नव्हता. इतक्यात पडद्यातून काकांचं डोकं बाहेर आलं. "मॅडम, पायात पेटका आला, पंप निसटला. पोरीचे मार्क कापू नका."

वेळ संपली. तीन टाके राहिले होते. नियमाने ती नापास. मी गुणपत्रक पाहिलं. टाक्यांमधलं अंतर, गाठी, स्वच्छता, सगळ्याला रकाने होते. श्वासाला नव्हता. आणि ते पत्रक मीच तयार केलं होतं, बरं का.

मी खाली हाताने एक रकाना आखला आणि प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "मग बाकीच्यांचं काय?" म्हटलं, त्यांचीही पुन्हा घेते. घेतली. काकांना दर वेळी ठरल्यासारखा पेटका आला, आणि निम्मा वर्ग मेलेल्या कुत्रीला अगदी सुबक टाके घालून गेला. मुलगी पास झाली. काकांचा पाय मात्र तेव्हापासून दर परीक्षेला दुखतो. पहिला पेटका तरी खरा होता का, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. हसू नका, काका.

ती मुलगी आज या व्यासपीठावर आहे. मी आज निवृत्त होतेय, उद्यापासून ही प्रयोगशाळा ती सांभाळेल. सकाळी मी डोकावले, तर पडद्याआड स्टुलावर ती, हातात पंप, आणि शेजारी उकिडवे बसलेले काका सांगत होते, "हळू गं. झोपलीये ती, पळत नाहीये."

मला बोलू दिलंत, त्याबद्दल सर्वांची आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही कमीजास्त बोलले असेन, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. माझं लक्ष पुन्हा एकाच टेबलाकडे राहिलं.