पाळण्यात नाव कुणाचं?

मंडळी, मला एक सांगा — आपलं लेकरू म्हणून बापानं त्याच्या कपाळावर स्वतःचं नाव गोंदावं का? नाही ना? मग हातून जरा काही बरं झालं, की त्याच्यावर आपलं नाव कशाला गोंदतो हो आपण? माना डोलवू नका, गोष्ट ऐका!

सासवडला गुणाजी ताकवले म्हणून एक गीतकार. गाणी झकास! पण धास्ती एकच — चोरीची. त्याचं एक गाणं एका बँडवाल्यानं उचललं, वरातीवरातीत वाजवलं, आणि जाब विचारला तर म्हणतो कसा, "हे पारंपरिक आहे!" झालं! संतांची नाममुद्रा असते शेवटच्या चरणात. ह्या पठ्ठ्यानं आपलं नाव घातलं प्रत्येक कडव्यात! म्हणाला, आता चोरून दाखवा!

आणि निघाला पुण्याला, कॅसेट कंपनीत. बाकीच्या कंपन्यांनी नकार दिलेला, ही शेवटची. बायको भामाबाई म्हणाली, "अहो, या खेपेला तरी आधी गाणं म्हणा, मग भाषण!"

ऐकतोय कशाला! मालकांसमोर सुरू — "माझे गुरू अमुक, माझा सत्कार तमुक..." मालक घड्याळ बघायला लागले. नमनाला घडाभर तेल! हसू नका, आम्हा कीर्तनकारांचंही तेच असतं.

मालक म्हणाले, "ताकवले, आम्ही बारशाची कॅसेट काढतोय. पाळणा आहे? एकच म्हणा."

गुणाजीनं डोळे मिटले —

चांदण्याची दोरी, वाऱ्याचा गं झोका,
हळू बोला बायांनो, नीज मोडू नका!

घड्याळ विसरले मालक! शेजारी गायिका बसल्या होत्या, शकुंतलाबाई. त्यांनी मांडीवर ताल धरला. गुणाजीला चढला जोर —

आत्या वाके पाळण्यात, कुर्र करी कानाशी,
नाव ठेवा गुणाजी गं, नाव ठेवा गुणाजी!

शकुंतलाबाई फस्सकन हसल्या! "अहो दादा, घरोघर कॅसेट लागायची! गावातलं प्रत्येक पोर गुणाजी? मुलगी झाली तरी गुणाजी?"

मालक म्हणाले, "गाणं घेतो. पण नाव काढा. तिथं नुसती पेटी वाजेल, ज्यानं त्यानं आपल्या बाळाचं नाव घालावं. तुमचं नाव करारात, कव्हरवर."

"कव्हर वाचतंय कोण, साहेब? नाव काढलं तर माझं राहिलं काय?" गुणाजी उठला. दाराशी गेला, चपलेत पाय घातला — आणि आतून सूर आला. शकुंतलाबाई आपल्याशीच गुणगुणत होत्या, "नाव ठेवा मल्हार गं..." त्यांचा नातू हो! मंडळी, तिथं गुणाजी नव्हता, पण गाणं कसं जिवंत झालं होतं! त्यानं चप्पल काढली. आत आला. म्हणाला, "काढा नाव."

पुढं त्याच्याच नातीचं बारसं. बायका गायल्या, "नाव ठेवा रेवती गं!" शेजारीण म्हणाली, "काय गोड गाणं! आमच्या आजीच्या वेळेपासूनचं आहे बरं हे!"

भामाबाईनं तोंड उघडलं, तोच गुणाजीनं तिचा हात धरला. "असू दे गं. बँडवाला 'पारंपरिक' म्हणाला, ती शिवी वाटली होती. आज आशीर्वाद वाटतोय!" आणि डोळे पुसले गड्यानं.

आता तुमच्याकडं वळू? आपल्या ह्याच देवळाची एक पायरी. तिच्यावर एक नाव कोरलंय — मी घेत नाही, पुढंच बसलेत! पायरीवर नाव कशाला घालायचं? भक्तांची पायधूळ लागावी म्हणून! आणि हे रोज ओल्या फडक्यानं पुसतात, कुणी पाय ठेवला की डोळे वटारतात! तर आज उतरताना सगळ्यांनी त्याच पायरीवर पाय ठेवायचा. अण्णा, उठा — पहिला पाय तुमचा!